नाओकोबाईंबद्दल मी जे बोलले

सचिनला वाटतं, बायकोचं सगळं आपल्याला ठाऊक आहे. हे नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — तुम्हालाच सांगते आहे.

माझी लेक सई तेरा वर्षांची असताना इथे नेदरलँड्समध्ये, बाडहूव्हडॉर्पला, आमच्या मागच्या गल्लीत नाओकोबाई राहायच्या. घरी जपानी नाच शिकवायच्या. सई धरून आपल्या मराठी घरांतल्या चार मुली जायच्या. भिंतीवर बाईंचा तरुणपणीचा फोटो होता — चेहरा पांढरा रंगवलेला, दात काळे. मला तो पहिल्या दिवसापासून खटकला. दात काळे कोण करतं?

सईनं सगळं विचारून घेतलेलं. बाई क्योटोत गेइशा — मैफलीत नाचगाणं करणारी कलावंत — व्हायला शिकत होत्या. पहिल्या वर्षी फक्त खालचा ओठ रंगवायचा. पाच वर्षांनी, शिकणं संपताना, थोडे दिवस दात काळे करायचे. मग किमोनोची लाल कॉलर काढून पांढरी लावायची, की झाली पुरती गेइशा. हे सांगताना सईचा चेहरा — माझ्याशी बोलताना कधी असा फुलायचा का?

मी नेटवर वाचत बसले. जुन्या काळी अशा मुलींची पहिली रात्र विकली जायची, असं एका ठिकाणी होतं. बाईंच्या काळात तसं नव्हतं, हेही तिथेच होतं. तेही मी वाचलं. वाचूनही — नको तेच मनात धरलं. मग सायकल मुद्दाम त्या गल्लीतून न्यायची. पडदे का ओढलेत? दारातली दुसरी सायकल कुणाची? तीन आठवडे पाहिलं. काहीच दिसलं नाही.

आणि तरी, चकल्या करताना, मी मृणालला — क्लासमधल्याच एका मुलीची आई ती — म्हणाले, "तिच्याकडे पुरुष येतात. मी पाहिलंय."

महिन्याभरात क्लास रिकामा झाला. नाओकोबाई सईचा नाचातला पंखा द्यायला आमच्या दारात आल्या. माझं काही चुकलं का, एवढंच त्यांनी विचारलं. शाळेचा अभ्यास वाढलाय, मी म्हटलं. त्या कमरेतून वाकल्या. सई वर खोलीत होती — मी हाक मारली नाही. पुढे त्यांनी घर सोडलं. सईला मी सांगितलं, त्या जपानला परत गेल्या.

दोन वर्षांपूर्वी त्या मला जवळच्याच अ‍ॅमस्टलव्हेनच्या एका दुकानात दिसल्या, तांदळाची पिशवी उचलताना. मी सामान तिथेच ठेवून बाहेर पडले.

सई आता डेल्फ्टला शिकते. गेल्या रविवारी भाजी चिरताना डचमध्ये म्हणाली, बाई न भेटता गेल्या, तेव्हापासून कुणावर चटकन विश्वासच बसत नाही. मग मराठीत विचारलं, "आई, त्या अशा का गेल्या, तुला माहीत आहे?"

"नाही," मी म्हटलं.