दोनदा लिहिलेली यशोदा

"मामा गेले जी," सौंदडहून शेजारणीचा फोन आला. धानकापणीचे दिवस, गाव सगळं शेतात. आम्ही आठ-दहा जणांनीच त्रिशरण-पंचशील म्हणून मामांना निरोप दिला. मूलबाळ नव्हतं, मामी आधीच गेल्या होत्या.

मामा निवृत्त मास्तर. मामींनंतर रिकाम्या घरात त्यांनी लॅपटॉप आणला आणि लोक आपापल्या वंशावळी लिहितात अशा एका वेबसाइटवर माझ्या आजोळची वंशावळ मांडायला घेतली. त्यात एकच बाई दोनदा सापडायची, एकदा माहेरच्या नावानं, एकदा सासरच्या. या दोघी एकच असाव्यात, असं ती वेबसाइटच सुचवायची. पण गावातल्या म्हाताऱ्यांना विचारल्याशिवाय मामा नोंदी जोडत नसत.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला नागपूरहून बोलावून घेतलं. "बाई, येऊन जा. एक जोड मले एकट्याले नाही जमत."

पडद्यावर दोन यशोदा होत्या. एक मामांनी लिहिलेली, त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी मावशी. सोळाव्या वर्षी तापानं गेलेली. दुसरी छत्तीसगडातल्या डोंगरगडच्या प्रिया नावाच्या मुलीनं लिहिलेली तिची आजी. माहेर सौंदड, वडिलांचं नाव तेच, तीन मुलं... आणि मृत्यू अगदी अलीकडचा.

मामा हळूहळू बोलले. यशोदा परजातीच्या मुलासोबत निघून गेली होती. आजोबांनी गावाला सांगितलं, नातेवाइकांकडे तापानं मेली. "रडणं झालं, जेवण झालं. प्रेत कोणीच पायलं नाही. मी सात वर्षांचा होतो, पण एवढं समजत होतं. बाबाले इचाराचं भेव वाटे. मंग मास्तर झालो, बाबा गेले... तरी शोधलं नाही."

मग म्हणाले, "डोंगरगडले दरसाल जात होतो बाई, बुद्धमूर्तीपाशी. तिच्या गावातूनच."

प्रियाचा नंबर त्यांनी मिळवला होता. फोन मी लावला. सौंदडचं नाव ऐकताच ती म्हणाली, "दादी बताती थी, गाँव में छोटा भाई है. आप लोग वही हैं क्या?" मी फोन मामांपुढे धरला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि 'हो' म्हणाले.

नोंदी जोडताना कोणता मृत्यू ठेवायचा, असं पडद्यावर विचारलं होतं. "बाबानं सांगतलेला काढ," मामा म्हणाले. मी बटण दाबलं. ते उठून मागच्या अंगणात गेले आणि पाठमोरे उभे राहिले. मी चहा केला. तो तसाच निवला.

प्रियानं किती बोलावलं. मामा "येतो" म्हणत, गेले मात्र कधीच नाहीत. ती पहिल्यांदा सौंदडला आली ती त्यांच्या पुण्यानुमोदनाला, मृत्यूनंतरच्या विधीला. तेव्हा तिनं सांगितलं, मामा दर रविवारी सकाळी दहाला तिला फोन करायचे. दादी काय रांधायची, कशावर रागवायची, गाणं म्हणायची का, असं विचारत राहायचे. स्वतःचं काही सांगायचे नाहीत.

आता रविवारी दहाला प्रियाचा फोन मला येतो. मावशीला मी कधी पाहिलं नाही, प्रियानं मामांना पाहिलं नाही. बोलणं लवकर संपतं, तरी आम्ही दोघीही फोन ठेवत नाही. "और बताइए बुआ," ती म्हणते... आणि मामांचं अजून न सांगितलेलं काही उरलंय का, ते मी आठवत राहते.