पाचशे फ्रँकवरची सवाष्ण

अमेरिकेत येण्याआधी कंपनीने मला महिनाभर पॅरिसला पाठवलं होतं. तिथली पाचशे फ्रँकची एक हिरवी नोट खर्च करायची राहून गेली आणि माझ्याबरोबर इथे ईडन प्रेरीला आली. तिच्यावर एका बाजूला रेडियम शोधणारं शास्त्रज्ञ जोडपं आहे, दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळा. पुढे युरो आला, फ्रँक चलनातून गेला. तरी फ्रान्सची मुख्य बँक दहा वर्षं ती नोट बदलून देत होती. "पुढच्या वर्षी बघू," असं मी दहाही वर्षं म्हणालो.

परवा जुन्या नोटा विकत घेणाऱ्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे गेलो. त्याने भिंगातून पाहत छपाईचं तोंडभरून कौतुक केलं आणि मग विचारलं, "बाईच्या कपाळावर हा लाल डाग कसला?" त्या डागापायी त्याने नोट परत केली.

मी तणतणतच घरी आलो. दर दिवाळीला बायको ती नोट लक्ष्मीपूजनात ठेवते, एवढंच मला ठाऊक होतं.

"तू नोटेला कुंकू लावतेस?"

"नोटेला कशाला लावू? तिला लावते. शेजारी नवरा बसलाय, मग सवाष्णीचं कपाळ मोकळं ठेवू?"

"अगं, पण नोटेची पार वाट लागली!"

तिने नोट माझ्या हातातून काढून घेतली आणि त्या जोडप्याकडे कौतुकाने पाहिलं.

"यांनी गळक्या शेडमध्ये राबून रेडियम शोधलं. तुला दहा वर्षांत एक बँक सापडली नाही."