बाबांसाठी केस न गाळणारा कुत्रा

संक्रांतीची काळी साडी मी भर मे महिन्यात नेसले, ती मरोळच्या एका कुत्रे विकणाऱ्याची परीक्षा घ्यायला. माझ्या बाबांना दमा, त्यात प्राण्यांच्या केसांची ॲलर्जी. आणि आई गेल्यापासून मुलुंडच्या घरात एकटे, म्हणून त्यांना कुत्रा हवा. तोही केस न गाळणारा.

"मॅडम, पूडल आहे. एक केस पडला तर नाव बदलून टाकेन," तो माणूस म्हणाला. असं बोलणाऱ्यांनी मला आजवर कमी गंडवलंय का? मी ते कुरळं पिल्लू मांडीवर घेऊन साडीवर चांगलं घासलं. एकही केस नाही. म्हणजे आजच आंघोळ घालून विंचरून ठेवलेलं असणार, नक्की.

शिवाय आमच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, नुसत्या केसांवर जाऊ नका, खरा त्रास लाळेचा आणि कातडीच्या कोंड्याचा. घ्यायच्या आधी तासभर त्याच्याजवळ बसवून बघा. म्हणून बाबांना सोबतच आणलं होतं; त्यांना बसवलं. पिल्लानं बाबांचे हात चाटले, हनुवटी चाटली. मी समोर पहाऱ्याला. धाप नाही, खोकला नाही, छातीत घरघर नाही.

"बघ गो, माका काय होणा नाय," बाबा खुशीत म्हणाले.

शेजारणीची मांजर जिन्यात दिसली तरी खोकणारा माणूस इथे ठणठणीत? पाणी कुठेतरी मुरत होतं. माझा संशय त्या विकणाऱ्यावरून उठून बाबांवर जाऊन बसला.

तेवढ्यात ते पुन्हा बाथरूमला गेले आणि आतून गुळण्यांचा आवाज आला. दम्याचा पंप ओढला की गुळण्या करायच्या, ही त्यांची सवय. सकाळचा पंप तर माझ्यासमोर झाला होता.

"बाबा, आल्यापासून कितव्यांदा पंप घेतलात?"

विकणारा दुसरीकडे बघायला लागला. बाबाही.

"अगो, छातीला पंप तरी आहे," ते म्हणाले. "संध्याकाळी कुलूप काढून घरात शिरतो ना, त्याला काय आहे?"

मला रडू आलं आणि रागही आला. आई गेली, आता ह्यांनाही घालवू? मी पिल्लू परत दिलं.

आम्ही रिक्षात बसलो. हात धुवा म्हणून दोनदा सांगितलं होतं, धुतले नव्हते. विक्रोळीच्या सिग्नलला बघितलं तर त्यांचे डोळे लाल, सारखे वाहतायत.

"ॲलर्जी ना? तरी मी सांगत होते."

सकाळपासून नाही नाही म्हणणारे बाबा लगेच म्हणाले, "होय, ॲलर्जीच असतली."