वेदीवरची फुले

त्या डिसेंबरमधली एकही गोष्ट मी विसरलेलो नाही. ती विसरली जावी असे तेव्हा बऱ्याच जणांना वाटत होते; म्हणूनच लिहितो आहे. नावे कोणाचीही देणार नाही.

पुण्याच्या पूर्व भागातील एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. शहराच्या कडेला संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या आणि शहराच्या आतल्या प्रत्येक मोकळ्या जागेकडे कोणी ना कोणी मोजपट्टी घेऊन पाहू लागले होते. ठाण्यात येणाऱ्या तक्रारीही बदलल्या. पूर्वी सायकली चोरीला जात. आता कंपाउंडच्या भिंती सरकू लागल्या होत्या.

आमच्या हद्दीत इंग्रजांच्या काळातील एक अँग्लिकन चर्च होते. दगडी, बुटके, उपासना मराठीतून. मागे सभागृह आणि मुलांना खेळायला मोकळे मैदान. नाताळ जवळ आला असताना तिथल्या समितीचा एक सदस्य फिर्याद घेऊन आला. प्रभुभोजनाच्या वेळी पाळकसाहेब ज्यातून मंडळींना द्राक्षारस देतात, तो चांदीचा पेला नाहीसा झाला होता.

फिर्यादी पन्नाशीचा, जागांच्या व्यवहारातला गृहस्थ होता. बसताच त्याने मोबाईल आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला. मोबाईल तेव्हा नवलाईचा होता. तो खिशात ठेवण्याची वस्तू नव्हती.

त्याने जबाब दिला. रविवारची उपासना संपली, मंडळी बाहेर पडली. गायनमंडळ चालवणाऱ्या बाई वेदीवरची सुकलेली फुले काढून ताजी ठेवत होत्या. पांढरी शेवंती, मंडईतून आणलेली. पेला शेजारच्या मेजावर होता. बाईंनी सुकलेल्या फुलांची टोपली त्या मेजावर टेकवली, उचलली, आणि मग पेला दिसेना.

"तेव्हाच का बोलला नाहीत?" मी विचारले.

"देवाच्या घरात कोण कोणावर संशय घेतो, साहेब?"

"मग पोलिसांच्या घरात घेतला, असे समजू?"

तो हसला. मी हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता कोणी म्हणाले, पेला गायनमंडळाच्या कपाटात, गीतांच्या पुस्तकांमागे, फडक्यात गुंडाळून ठेवला आहे. आम्ही पंच घेऊन गेलो. पाळकसाहेबांनी बाईंना बोलावले, बाईंनी किल्ली काढली, कपाट उघडले. पेला तिथेच होता, फडक्यात गुंडाळलेला. किल्ली एकच आणि ती बाईंकडे, असे खुद्द बाईंनीच सांगितले. पंचनामा केला. बाहेर पडताना वेदीकडे नजर गेली. जांभळे कापड, दोन मेणबत्त्या, बाकी काही नाही. त्या वेळी मी त्यावर विचार केला नाही.

खबर अचूक निघाली की नवे अधिकारी खूश होतात. मला अचूक खबरेची धास्ती वाटते. पेला कोठे आहे हे सांगणारा, तो फडक्यात गुंडाळला आहे हेही सांगून गेला होता.

बाईंना ठाण्यात बोलावले. निवृत्त शिक्षिका, अविवाहित, पांढरी सुती साडी. त्या आत आल्या आणि ठाणे अंमलदार खुर्चीतून ताडकन उठला. तो त्यांचा विद्यार्थी होता.

"बस," त्या म्हणाल्या. "आणि वरचे बटण लाव. सरकारी कपडे आहेत ते." मग माझ्याकडे वळून, "ही खुर्ची मोडकी आहे. बसू, की पुरावा म्हणून जपून ठेवली आहे?"

महिला शिपायाने दुसरी खुर्ची आणली. मी थेट विषयाला हात घातला.

"पेला आपल्या कपाटात सापडला आहे."

"हो. मीच उघडून दिले."

"तिथे कसा गेला?"

"ते शोधण्याचा पगार आपल्याला मिळतो."

"बाई, परिस्थिती आपल्या विरोधात आहे. अटक होऊ शकते."

"करा. मात्र संध्याकाळी मुलांच्या गाण्यांचा सराव आहे. सोडणार नसाल तर पेटी इथेच मागवते. मुलेही येतील. तुमच्या लोकांनाही चार सूर कळतील."

त्यांनी एकही शब्द कबूल केला नाही, विनवणीही केली नाही. चोरीच्या आरोपाखाली असलेला माणूस सहसा एक तर फार बोलतो, नाही तर रडतो. बाई घड्याळ पाहत होत्या.

चौकशीत मला एवढे कळले, की चर्चमागचे मैदान आणि सभागृह एका बांधकाम व्यावसायिकाला देण्याचा ठराव समितीपुढे होता. बैठक नाताळच्या आधी ठरली होती. ठरावामागे फिर्यादी होता. विरोधात बाई होत्या, आणि मंडळीतली निम्मी माणसे त्यांच्या हाताखाली शिकलेली असल्यामुळे त्यांचे मत एकटीचे राहत नसे.

त्याच दुपारी भागातील एक वजनदार गृहस्थ मध्यस्थ म्हणून आले. बाई अजून ठाण्यातच होत्या. गृहस्थांनी त्यांच्यासमोर लिहून आणलेला कागद ठेवला. बाईंनी समितीचा राजीनामा द्यायचा. मग फिर्यादी सांगणार, की पेला चुकून तिथे ठेवला गेला असावा.

"सण आहे, बाई," गृहस्थ म्हणाले. "सही करा आणि घरी जाऊन करंज्या तळा."

"करंज्या झाल्या आहेत," बाई म्हणाल्या. "सही केली तर मी चोर ठरते. नाही केली तर तुम्ही मला चोर ठरवणार. मग तुमचे काम तुम्हीच करा. मी का सोपे करून देऊ?"

कागद तसाच परत गेला. थोड्या वेळाने मला वरिष्ठांचा फोन आला. अल्पसंख्याकांचे प्रकरण आहे, सणाचे दिवस आहेत, दोन्ही बाजूंना समजावून मिटवून टाका. मी सांगितले, गुन्हा दाखल आहे, तपास पूर्ण करून अहवाल पाठवतो. "तुम्ही फार सरळ आहात," वरिष्ठ म्हणाले. ती प्रशंसा नव्हती.

मी पुन्हा बाईंसमोर बसलो. जबाबातील प्रत्येक तपशील आरोपीला विचारायचा, हा माझा शिरस्ता होता. म्हणून विचारले, "रविवारी उपासनेनंतर वेदीवरची फुले आपण बदललीत. सुकलेली फुले कोठे टाकली?"

बाईंनी प्रथमच माझ्याकडे नीट पाहिले.

"कोणती फुले?"

"पांढरी शेवंती."

"साहेब, आगमनकाल चालू आहे. नाताळच्या आधीचे चार रविवार आमच्या वेदीवर फूल नसते. जांभळे कापड असते. तयारीचे दिवस आहेत ते, मिरवण्याचे नव्हेत. आपण पंचनामा केलात ना? दिसले का एखादे फूल?"

दिसले नव्हते. मी उठलो आणि चर्चमध्ये गेलो. पाळकसाहेबांनी तेच सांगितले. आगमनकाल सुरू होण्याआधी फुलदाण्या ते स्वतः कुलपात ठेवत. त्यांनी आपले कपाट उघडून दाखवले. फुलदाण्यांवर धूळ बसली होती.

"समितीचे ते सदस्य उपासनेला नेहमी येतात?" मी विचारले.

पाळकसाहेब मवाळ स्वभावाचे होते. "नाताळला येतात," ते म्हणाले. "पुनरुत्थानाच्या सणालाही येतात. बैठकांना मात्र नियमित असतात. बैठक मागच्या खोलीत असते."

पेला त्या मागच्या खोलीतच ठेवला जाई.

फिर्यादीला पुन्हा बोलावले. त्याने पुन्हा मोबाईल आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मी त्याला फुलांविषयी विचारले आणि बोलू दिले. फुलदाण्या पितळी, वेदीच्या दोन्ही बाजूंना. कापड पांढरे, लेस लावलेले. वर्णन उत्तम होते. मग मी पाळकसाहेबांना आत बोलावले आणि तेच प्रश्न त्यांना विचारले. फिर्यादीने त्यांची उत्तरे ऐकली. तो म्हणाला, रविवार कदाचित वेगळा असेल. मी विचारले, पेला त्याच रविवारी वापरला गेला होता, मग चोरी कोणत्या रविवारची? त्याने किल्ल्यांचा जुडगा हळूच स्वतःकडे ओढला.

मी जुडगा उचलला. "ही?"

"घराची."

"ही?"

"गाडीची."

"आणि ही छोटी?"

त्याने मोबाईल हातात घेतला. तो वाजला नव्हता.

ती किल्ली घेऊन आम्ही पंचांसमक्ष गायनमंडळाच्या कपाटाकडे गेलो. कुलूप एका वळणात उघडले. बाई सरावात असताना पर्समधली किल्ली काढून त्याने तिची जोड करवून घेतली होती. फोनही त्याचाच. त्याने सारे कबूल केले आणि शेवटी विचारले, "आता मिटवता येणार नाही का?"

मी त्याच्याविरुद्ध अहवाल पाठवला. ठराव बैठकीत पडला. उन्हाळ्यात माझी बदली झाली. कारण विचारले नाही, बिस्तरा बांधला आणि गेलो.

पेला मुद्देमाल होता. कोर्टाच्या हुकुमाशिवाय तो परत देता येणार नाही, हे मी पाळकसाहेबांना सांगितले. ते अस्वस्थ झाले. बाई म्हणाल्या, "राहू दे. नियम आहे तर आहे. फक्त चांदी आहे, काळी पडू देऊ नका."

नाताळच्या सकाळी मी गणवेशात चर्चमध्ये गेलो आणि मागे उभा राहिलो. वेदीवर लेसचे पांढरे कापड होते, पितळी फुलदाण्या होत्या, पांढरी शेवंती होती. फिर्यादीचे वर्णन शब्दशः खरे होते. माणूस पाहिलेलेच सांगतो. वर्षातून एक-दोनदा पाहणारा तेच वर्षभराचे समजतो. त्या प्रकरणाने मला हे शिकवले. 'मिटवून टाका' हा हुकूम नेहमी निर्दोष माणसाच्या खर्चाने पाळला जातो, हेही.

फुलांच्या मधोमध साधा स्टीलचा पेला ठेवलेला होता. तो दिसू नये म्हणून कोणी लपवला नव्हता. बाई पेटीवर बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिले, मान डोलावली नाही, आणि मुलांना सूर दिला.

मागचे मैदान आजही मोकळे आहे.