पान सव्वीसवरची तीन चाकं

हे मी घरातसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते – जमेल तसं.

आमच्या शिरपूरला गुलाबराव पेंटर आहेत. दुकानांच्या पाट्या रंगवतात आणि उरलेल्या वेळात नवी यंत्रं शोधून काढतात. त्या यंत्रांचं पुस्तक त्यांनी स्वतःच काढलं. चाळीस प्रती. रेघांची चित्रं झेरॉक्सची, पण रंग प्रत्येक प्रतीत हाताने भरलेला. पायाने चालणारा पंखा, माकडं हाकलणारी बाहुली... काय ते हिरवे, काय ते तांबडे! मी विज्ञान शिकवते म्हणून एक प्रत मला दिली.

पान सव्वीसवर निंबोळ्या फोडायचं यंत्र. तीन दातेरी चाकं, तिन्ही एकमेकांत अडकलेली. अशी चाकं फिरतच नाहीत; प्रत्येक चाक शेजारच्याला उलट फिरवतं, मग तिसऱ्याने कुणाचं ऐकायचं? मला पहिल्याच दिवशी दिसलं. मग सांगितलं का? नाही. समासात पेन्सिलीने लिहिलं – 'तिघांचं भांडण, निंबोळी सुखरूप' – आणि पुस्तक स्टाफरूममध्ये फिरवलं. पोट धरून हसलो आम्ही. तिकडे ते त्याच चित्रावरून यंत्र बनवत होते. दोन वर्षं.

शेवटी चूक त्यांची त्यांनाच सापडली. तेव्हा या माणसाने काय करावं? सायकल काढली. ज्याला ज्याला पुस्तक दिलं होतं त्याच्या घरी गेले, थेट इंझोरीपर्यंत, आणि प्रत्येक प्रतीत चाक खोडून नवं काढून दिलं. मी तर फळ्यावरची माझी चूक पोरांच्या नजरेआड पुसते.

माझ्याही दारात आले. पुस्तक आणलं असतं तर ते पान उघडलं असतं – माझ्या अक्षरासकट. मी म्हटलं, वाळवीने खाल्लं.

"मंग हे ठेवा म्याडम," ते म्हणाले. "पोराइले दाखवाले तुमाले पायजेच." पिशवीतली स्वतःची प्रत त्यांनी माझ्या हातात दिली. त्यांच्याकडची शेवटची.

मी घेतली. नको म्हणायला कितीसा वेळ लागला असता? मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. मी हसत होते तेव्हाही होता – हेच जास्त वाईट.

वाळवीने खाल्लेली प्रत कपाटात साड्यांखाली धडधाकट आहे. तीन चाकं अजून तशीच अडकलेली.

आजही काही नवं सुचलं की गुलाबराव येतात. पायरीवर चपला काढतात. "म्याडम, तुमचं पुस्तक देता का जरासं?" मी आणून देते. ओट्यावर बसून ते दुरुस्ती करतात, शाई वाळेपर्यंत फुंकर घालतात, आणि पुस्तक माझ्या हातात परत देऊन जातात.