दुलीचंदभाऊंच्या गोठ्यात पडलेला गोटा

दवनीवाड्याच्या दुलीचंद रहांगडाल्यांना सापडलेली वस्तू परत केल्याशिवाय जेवण जात नाही. एका वरातीतल्या बाईची एक चप्पल त्यांच्या धानाच्या बांधीत राहिली, तर हे गृहस्थ ती पिशवीत घालून तिरोड्यापर्यंत गेले आणि नवरीच्या मामीला देऊन आले. मामींनी तोवर दुसऱ्या पायातली फेकून दिली होती. भाऊंना त्याचं काही नाही. आपलं काम झालं.

पाच एकर धान, दोन म्हशी, गळ्यात तुळशीची माळ आणि दर एकादशीला घरी भजन, असं त्यांचं आयुष्य साठीपर्यंत सरळ चाललं होतं. भजनात ढोलकी मी वाजवतो, म्हणून पुढचं बरंचसं माझ्या डोळ्यांसमोर, खरं सांगायचं तर नाकासमोर घडलं.

फेब्रुवारीतली दुपार होती. भाऊ गोठ्यात म्हशींना तणीस टाकत होते. आभाळात तोफ फुटल्यासारखा आवाज झाला आणि थोड्या वेळाने गोठ्याच्या टिनाला भोक पाडून काहीतरी तणसाच्या ढिगात धप्पकन पडलं. एक म्हैस दावं तोडून थेट ग्रामपंचायतीपर्यंत गेली. भाऊंनी ढीग उकरला, तर आत लहान नारळाएवढा गोटा. वरून काचेसारखा चकाकणारा पातळ तपकिरी लेप, आणि एक कोपरा फुटला होता तिथून आत पांढराशुभ्र.

भाऊंनी वर पाहिलं. आमच्या भागात डोक्यावरून बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं जात-येत असतात. त्यांचा तर्क तिथल्या तिथे पूर्ण झाला.

"विमानाचा भाग पडला वो," ते बायकोला म्हणाले. "पोरगा शिकून राहिला असन. त्याले मालूमबी नसन. मी देऊन येतो."

"गोटा हाय तो," शकुंतलाबाई म्हणाल्या. "विमानात गोटा कायले ठेवतील?"

"वजनासाठी. आपण नाई का ताडपत्रीवर ठेवत?"

गोटा डिक्कीत घालून ते बिरसीला गेले. फाटकावरच्या नंदलाल नावाच्या गार्डने तो हातात घेतला, उलटापालटा केला आणि परत दिला.

"काका, विमानाले गोटे नाही लागत."

"नीट पाहा गा. एखादं विमान हलकं झालं असन."

नंदलाल भला माणूस. त्याने खरंच आत फोन लावला आणि बराच वेळ कुणाचं तरी हसणं ऐकून घेतलं. "सब विमान पूरे हैं, काका," तो म्हणाला. मग भाऊंचा गोट्यासकट फोटो काढून त्याने आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. भाऊ खट्टू होऊन घरी आले. मालक न सापडलेली ही त्यांची पहिलीच वस्तू.

शकुंतलाबाईंच्या घरात बाहेरची कुठलीही गोष्ट धुतल्याशिवाय येत नाही. त्यांनी गोटा बादलीत बुडवून घासला. बैठकीतल्या पाण्याच्या मडक्याची तिवई एका पायाने आखूड होती, त्या पायाखाली तो बसवून टाकला. अगदी मापात बसला. मडकं पाझरायचं आणि थेंब थेंब पाणी गोट्याच्या फुटक्या कोपऱ्यावर पडायचं.

तिसऱ्या दिवशी एकादशी आली. आम्ही आठ जण बैठकीत बसलो. भाऊ नेहमीप्रमाणे मडक्याशेजारी, हातात झांज. दुसरा अभंग सुरू झाला आणि वास आला.

उपासाला साबुदाणा सगळ्यांनीच खाल्ला होता, त्यामुळे प्रत्येकाने शेजाऱ्याकडे पाहून त्याला मनातल्या मनात माफ केलं. श्यामलालने खिडकी उघडली. मी ढोलकी जरा दाराकडे सरकवली. पण वास काही जाईना. शेवटी मुख्य गायक बिसराम गाता गाता थांबला, डोळे मिटून त्याने दोनदा हुंगलं आणि ओरडला, "अंडं! उकडलेलं अंडं! एकादशीले!"

तो उठला आणि पोलिसांच्या कुत्र्यासारखा बैठकभर हुंगत फिरला. वास भाऊंच्या खांद्यापाशी सगळ्यात जास्त होता.

"भाऊ, परवा गोंदियाकडं जाऊन राहिले होते तुमी."

"बिरसीले गेलो होतो! विमानाचा गोटा द्याले!"

या उत्तराने भाऊंची बाजू काही मजबूत झाली नाही. बिरसीच्या रस्त्यावर अंड्याची गाडी लागते हे बिसरामने सर्वांना सांगितलं. भाऊंची झांज काढून घेण्यात आली आणि पुढचं भजन बिसरामकडे ठरलं.

नंतरचे आठ दिवस वाईट गेले. शकुंतलाबाईंनी नवऱ्याचे खिसे तपासले, ताट वेगळं केलं. भाऊंनी कडुलिंबाने दात घासले, तुळस चावली, दिवसात तीनदा अंघोळ केली. प्रत्येक वेळी स्वच्छ होऊन ते पाणी प्यायला मडक्याशी जात आणि पुन्हा तोच वास. एका सकाळी त्यांनी मला बांधावर गाठलं.

"खरं सांग गा. मी झोपेत तं नाई खात असन?"

"झोपेत अंडं कोण आणून देणार, भाऊ?"

"तेच मले समजून नाई राहिलं," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मला हसूही येत होतं आणि हसल्याची लाजही वाटत होती.

तिकडे नंदलालने टाकलेला फोटो ग्रुपातून ग्रुपात फिरत नागपूरच्या एका कॉलेजात पोचला होता. तिथे भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या नूतन मॅडम नवव्या दिवशी सकाळी भाऊंच्या दारात उभ्या राहिल्या. गाडी पाहून मी गेलो, बिसरामही आला. मॅडमनी बैठकीत पाऊल टाकलं, श्वास घेतला, आणि त्यांचा चेहरा दिवा लागल्यासारखा उजळला.

"वास येतोय!"

"माफ करा, बाई," शकुंतलाबाई खाली मान घालून म्हणाल्या. "यायचा येते."

"यांचा? नाही हो!" मॅडम चक्क पालथ्या पडल्या आणि तिवईखाली नाक घातलं. "दगडाचा आहे! तुम्ही याच्यावर पाणी सोडलंय?"

"धुतला बी होता."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "बाई, हा साडेचारशे कोटी वर्षं कोरडा होता. तुमच्याकडे आला आणि लगेच मडक्याखाली गेला!"

मग त्यांनी गोटा मांडीवर घेऊन आम्हाला समजावलं. हा उल्कापाषाण, आणि त्यातही फार दुर्मीळ जातीचा. उल्का म्हटलं की लोक काळा, जड, लोखंडी दगड शोधतात. हा आतून पांढरा, कारण तो जवळजवळ सगळा एन्स्टॅटाइट नावाच्या खनिजाचा बनलेला. त्यात मॅग्नेशियम आहे, सिलिका आहे, पण लोह नावालाही नाही.

"लोह कुठं गेलं मंग?" भाऊंनी विचारलं.

"अवकाशातल्या ज्या गोळ्यातून हा तुटला तो सूर्याच्या बराच जवळ, ऑक्सिजन फार कमी होता अशा जागी तयार झाला असावा. गोळा वितळला. लोखंडाला ऑक्सिजन मिळाला नाही, म्हणून ते खनिजात शिरलं नाही. धातूच राहिलं आणि जड म्हणून खाली बसलं. वरचा पांढरा भाग पुढे टकरीत फुटला."

"आणि वास?"

"कॅल्शियमलाही तिथे ऑक्सिजन मिळेना, मग त्याने गंधकाशी घरोबा केला. त्या खनिजाला ओल्डहॅमाइट म्हणतात. पृथ्वीवर ते टिकत नाही. पाणी लागलं की विरघळतं आणि सडक्या अंड्यासारखा वायू सोडतं. गंमत म्हणजे ते पहिल्यांदा ओळखलं गेलं तेही आपल्याच देशात, उत्तर प्रदेशातल्या बस्ती गावाजवळ पडलेल्या अशाच दगडात."

त्यांनी फुटक्या कोपऱ्यावर चमचाभर पाणी टाकलं आणि आम्हाला ओळीने हुंगायला लावलं. शकुंतलाबाईंनी हुंगलं आणि नवऱ्याकडे पाहून पदर तोंडाला लावला. मग मॅडमनी अगदी सहज विचारलं, "वास अंड्याचा आहे हे आधी कुणी ओळखलं?"

"बिसरामनं," मी म्हणालो.

"छान नाक आहे. बाकी कुणालाच कळलं नव्हतं?"

बाकी कुणाला कळणार कसं? आम्ही सातही जणांनी जन्मात अंडं उकडलेलं नव्हतं. सगळे बिसरामकडे बघायला लागले. बिसराम छताकडे बघायला लागला.

"लहानपणी," तो शेवटी म्हणाला, "मामाच्या गावाले. एकदाच." आणि काही वेळाने, "दोनदा."

भाऊंनी त्याला एका शब्दानेही टोचलं नाही. त्यांना वेगळीच काळजी लागली होती. "मॅडम, हा ज्याचा हाय त्याले परत नाई करता येत?"

"तो गोळाच फुटला, भाऊ. असे दगड आता सरकारच्या भूविज्ञान खात्यात जमा होतात. तपासायला एक चकती आमच्याकडे येईल."

भाऊ कबूल झाले, पण एका अटीवर. त्यांना लेखी पाहिजे होतं. मॅडमनी तिथेच कॉलेजच्या छापील कागदावर लिहिलं, "एकादशीच्या दिवशी श्री. दुलीचंद रहांगडाले यांच्या बैठकीत आलेला वास खनिजजन्य होता, व्यक्तिजन्य नव्हता." खाली सही. पुढच्या भजनात, बिसरामच्याच घरी, हा कागद उभं राहून वाचण्यात आला. बिसरामने तो स्वतःच वाचला आणि झांज भाऊंच्या हातात दिली.

एप्रिलमध्ये मॅडमनी नवरा-बायकोला नागपूरला बोलावलं. मीही गेलो. कागदाहून पातळ केलेली गोट्याची चकती सूक्ष्मदर्शकाखाली लावली होती. भाऊंनी चष्मा काढला, डोळा टेकवला आणि कितीतरी वेळ हलले नाहीत. मागे पोरापोरींची रांग लागली.

"काय दिसतंय, भाऊ?" मॅडमनी विचारलं.

"कनकी," भाऊ म्हणाले. "तुटके तांदूळ. लहान-मोठे, सारे एकमेकाले चिकटून बसले."

"अगदी बरोबर! टक्कर झाली, स्फटिक तुटले आणि तुकडे पुन्हा एकत्र दाबले गेले."

"टक्कर तं होतेच," भाऊ डोळा न काढता म्हणाले, "पण माल लई सुकला होता, मॅडम. धान इतका सुकवला का गिरणीत असाच तुटते."

मॅडमनी वही उघडली आणि ते लिहून घेतलं. मग शकुंतलाबाईंनी भाऊंना कोपराने ढकललं, "सरका, मले पाहू द्या," आणि त्या बसल्या त्या उठेचनात.