झोंबणारं औषध

बाबांच्या पायाला नवी चप्पल चावली आणि त्यांना ते कळलंच नाही. मला कळलं ते लादीवरून. रविवारी सकाळी मी घर पुसलं होतं आणि वाळेपर्यंत पाय ठेवू नका, असा त्यांना दम भरला होता. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे माझा दम त्यांच्या एकट्याच्याच वाट्याला येतो. देवळातून आले ते चप्पल काढून सरळ पाणी प्यायला आत गेले. दारापासून माठापर्यंत लाल ठिपके उठले. आधी मी चिडले, मग वाकून पाहिलं.

घाटकोपरच्या डॉक्टरांनी सांगितलं ते थोडक्यात असं: साखरेमुळे पायाच्या नसा मेल्यासारख्या झाल्यात, अंगठ्याशेजारच्या बोटाची जखम रोज धुऊन औषध लावायचं, कड काळी किंवा लाल दिसली तर लगेच यायचं. जखम हाडापर्यंत गेली तर बोट काढावं लागेल. बाबांनी मान डोलावली. ज्यांचं बोट होतं त्यांना काही नाही, आणि मी मात्र सगळं कागदावर लिहून घेतलं.

अँटीसेप्टिक हा शब्द आमच्या घरात इतकी वर्षं असाच पडून होता. अंघोळीच्या पाण्यात टाकायचं ते अँटीसेप्टिक, साबण अँटीसेप्टिक, पावडर अँटीसेप्टिक. ज्याला दवाखान्याचा वास येतो ते सगळं. मुलुंडच्या आमच्या केमिस्टकडे गेले तेव्हा त्याने विचारलं, “लादीचं पाहिजे की अंगाचं?” मला वाटायचं, जंतू मारणारं ते सगळं एकच. तर नाही. निर्जीव वस्तूंवर वापरायचं ते वेगळं, जिवंत कातडीवर चालतं तेच अँटीसेप्टिक. घरी येऊन मी मूळ अर्थ शोधला. जंतुनाशक म्हणतो आपण, पण मूळ शब्दात जंतू नाहीतच. कुजण्याच्या विरुद्ध, एवढंच आहे. शोधलं नसतं तर बरं झालं असतं. त्यानंतर केमिस्टने दिलेली ती तपकिरी बाटली उघडली की माझ्या डोक्यात तेवढा एकच शब्द यायचा, कुजणं.

लहानपणी मी सारखी पडायचे. बाबा कारखान्यातून आले की माझे गुडघे बघायचे आणि कापसाने औषध लावायचे. मी किंचाळायचे. ते फुंकर घालत म्हणायचे, “झोंबता म्हणजे लागू पडता गो.” मालवण सोडून त्यांना पन्नास वर्षं होत आली, पण लाड करायची वेळ आली की बोलणं अजून तिकडचंच. मी त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. आजही भाजलं-कापलं आणि झोंबलं नाही, तर औषध जुनं झालंय असं मला वाटतं.

आता मी औषध लावायचे आणि बाबा पेपर वाचत बसायचे. “झोंबतंय का?” “नाय.” पान उलटलं. मला स्वस्थ बसवेना. ऑफिसातून दोनदा फोन करायचे, पाय वर ठेवलाय का, मोजे घातलेत का. हात धुऊन धुऊन माझेच हात सोलवटले. शेजारच्या काकू हळद भरायला सांगायच्या, वरच्या मजल्यावरचे आजोबा कडुलिंब. ज्याला त्याला डॉक्टर व्हायचं होतं. मी सगळ्यांना हो म्हणायचे आणि रात्रभर कूस बदलत राहायचे.

मग एका सकाळी औषध लावताना बाबा “स्स” म्हणाले. माझा हात थांबला.

“झोंबलं?”

“झोंबला की. जरा हळू लाव.”

मी हसले, रडले, दोन्ही केलं. त्या दिवशी मी गोड शिरा केला आणि साखर आठवल्यावर एकटीनेच खाल्ला. दुसऱ्या दिवशीही स्स. तिसऱ्या दिवशी जोरात. नसा जाग्या होतायत, असं मी ऑफिसात सांगत सुटले. कड थोडी लालसर वाटत होती, पण झोंबतंय म्हणजे लागू पडतंय. कामाची गर्दी होती, डॉक्टरांची तारीख मी आठवडाभर पुढे ढकलली.

डॉक्टरांना मी गेल्या गेल्या ही बातमी दिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “हे औषध तसं कुणालाच फारसं झोंबत नाही.” मग बाबांना डोळे मिटायला सांगून ते नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टोचत गेले. कळलं की सांगा, म्हणाले. बाबा डोळे मिटून गप्प बसले होते. धागा सगळ्या पायावरून फिरला, तरी गप्प. जखम आत गेली होती. बोट काढावं लागणार होतं. आठवडा आधी आलो असतो तर, असं मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही.

रिक्षात मी भडकले. “खोटं का बोललात? मी तुमच्या स्सवर विसंबले ना.”

बाबा बाहेर बघत होते. “तू रोज औषध लावतंस आणि माझ्या तोंडाकडे बघतंस. तुझी ती दशा बघवना नाय. म्हटला, एकदा झोंबला म्हणूया. तुका तरी झोप लागात.” मग म्हणाले, “पायाकडे कोण बघणार होता?”

राग गेला नाही, पण तो कुणावर काढायचा तेही कळेना.

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर पहिल्यांदा पट्टी सोडली तेव्हा बोटाच्या जागी टाके होते. मी बाटली उघडली, कापूस भिजवला आणि सवयीने विचारलं, “झोंबतंय का?”

मला वाटलं, आता स्स येणार.

“नाय गो,” ते म्हणाले. “काय्येक कळणा नाय.”

त्यांचा आवाज हलला. मान वर करावी असं फार वाटलं, पण केली नाही. टाक्यांची कड गुलाबी होती, लाल नव्हती.